समुद्रपक्ष्यांचा ब्रह्मचर्याश्रम

पिलाला पंख फुटून तें घरट्यांतून उडालें कीं मोठें झालें, अशी पक्ष्यांविषयीं सर्वसाधारण समजूत आहे. आणि अंगणांतल्या पक्ष्यांपुरती ती खोटीहि नाहीं. कोंबडीची तलंग पांच-सहा महिन्यांची झाली म्हणजे अंडीं घालूं लागते. यंदा घरट्यांतून उडालेली चिमणी पुढल्या वर्षीं स्वतःच्या संसारासाठीं काड्या गोळा करतांना दिसते. बालपण आटोपलें कीं लगेच गृहस्थाश्रम, मध्यंतरीं दुसरा आश्रमच नाहीं, असा हा क्रम आहे. परंतु अंगण सोडून समुद्राकडे दृष्टि टाकली म्हणजे हा हिशेब साफ चुकतो. समुद्रावर पोट भरणाऱ्या कित्येक पक्ष्यांत बालपण आणि संसार यांच्यामध्यें चार, पांच, नऊ, कधीं कधीं दहा-अकरा वर्षांचा काळ जातो. हा काळ ते कसा घालवतात, त्या काळांत त्यांचीं पिसें कशीं पालटतात, आणि निसर्गानें त्यांना एवढें थांबवून कां ठेवलें आहे, हा विषय मोठा मनोरंजक आहे. आणि या पक्ष्यांवर आज जें संकट आलें आहे, त्याचें मर्महि त्यांतच दडलेलें आहे.

मुंबईच्या श्रोत्यांना या विषयाचा पहिला धडा घराजवळच मिळण्यासारखा आहे. हिवाळ्यांत गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याकडे निघालेल्या लाँचीमागें कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे लागतात, आणि उतारू त्यांच्याकडे खाण्याचे तुकडे फेंकतात, हें दृश्य अनेकांच्या परिचयाचें असेल. या थव्यांत तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे असे दोन जातींचे कुरव पुष्कळ असतात. पैकीं तपकिरी डोक्याच्या कुरवाचें उन्हाळ्यांतील घर लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांच्या कांठीं असतें. थवा जरा बारकाईनें न्याहाळला तर कांहींची पाठ स्वच्छ राखी व शेंपटी निर्मळ पांढरी दिसते. तर कांहींच्या पंखांवर तपकिरी डाग आणि शेंपटीच्या टोंकाशीं काळा पट्टा आढळतो. ही कोणी निराळीच जाति असावी, असें पाहणाऱ्यास सहज वाटतें. वास्तविक जाति तीच. डागांचे पक्षी हे नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यांत जन्मलेलीं पोरें होत. त्यांचें वय त्यांच्या पाठीवर आणि शेंपटीवर लिहिलेलें असतें. वाचतां मात्र आलें पाहिजे.

हें लिहिणें पालटतें कसें? पीस हें आपल्या नखासारखें किंवा केंसासारखें असतें. तें एकदां पुरें वाढलें म्हणजे निर्जीव होतें. ऊन, वारा व पाणी यांनीं तें झिजेल, फिकट होईल, पण आंतून नवा रंग त्यांत चढणार नाहीं. म्हणून पक्ष्याला नवा वेष धारण करावयाचा तर जुनें पीस झडून त्या जागीं नवें यावें लागतें. हा पालट एकदम होत नाहीं. उडणें तर बंद ठेवतां येत नाहीं, म्हणून पंखांचीं मोठीं पिसें क्रमाक्रमानें गळतात व क्रमाक्रमानें येतात. पीस घडविण्यास अन्न पुष्कळ लागतें. यासाठीं पिलांना भरविण्याचे दिवस आणि मोठीं पिसें बदलण्याचे दिवस हे बहुतेक पक्षी शक्य तोंवर निरनिराळे ठेवतात.

येथें दोन प्रकारचे पालट वेगळे ओळखले पाहिजेत. एक ऋतूचा आणि दुसरा वयाचा. मार्च महिना उजाडला कीं लाँचीमागच्या प्रौढ कुरवांच्या डोक्यावर गडद टोपी चढूं लागते. ती विणीच्या हंगामाची, म्हणजे लग्नसराईची, टोपी होय. हंगाम संपला कीं ती उतरते आणि पुढल्या वर्षीं पुन्हां चढते. वयाचा पालट मात्र एकदां झाला कीं परत फिरत नाहीं. लहान जातींच्या कुरवांत तो सुमारें दोन वर्षांत आटोपतो. परंतु याच कुळांतल्या थोरल्या जाति पाहाव्या, तर त्यांना चार वर्षें लागतात. सायबेरियाच्या उत्तरेकडून हिवाळ्यासाठीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा मोठा कुरव यांपैकींच एक. पहिल्या वर्षीं तो आपादमस्तक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, आणि चोंच काळी. दुसऱ्या वर्षीं पाठीवर राखी पिसें तुरळक डोकावतात. तिसऱ्या वर्षीं राखी रंगाची सरशी होते. आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास पाठ गडद राखी, डोकें शुभ्र, चोंच पिंवळी व तिच्या खालच्या बाजूस एक तांबडा ठिपका, असा प्रौढाचा पूर्ण वेष सिद्ध होतो.

त्या तांबड्या ठिपक्याची कथा प्रसिद्ध आहे. हॉलंडमध्यें जन्मलेले शास्त्रज्ञ निको टिनबर्गेन यांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं युरोपांतील हेरिंग कुरवाच्या पिलांपुढें पुठ्ठ्याचीं डोकीं धरून पाहिलीं. ज्या चोंचीवर तांबडा ठिपका असे, तिच्यावर पिलें अधिक वेळां टोंच मारीत. ठिपका नसलेल्या चोंचीवर कमी. खऱ्या घरट्यांत पिलानें ठिपक्यावर टोंच मारली कीं आई किंवा बाप गिळून आणलेलें अन्न त्याच्यापुढें ओकून टाकतो. म्हणजे हा ठिपका शोभेचा नव्हे. पोर आणि पालक यांच्यामधील ती खूण आहे. पक्षी पालक होण्याच्या वयास येतो, तेव्हांच ती त्याच्या चोंचीवर ठळक उमटते.

वेष आणि वय यांची सांगड याहूनहि स्पष्ट दिसते ती गॅनेट पक्ष्यांत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, फोर्थच्या खाडीच्या मुखाशीं, समुद्रांतून शंभर मीटरांहून उंच उभा राहिलेला बास नांवाचा एक खडक आहे. गॅनेट पक्ष्यांची जगांतील सर्वांत मोठी वस्ती ती हीच. या पक्ष्याचें शास्त्रीय नांवहि त्या खडकावरूनच पडलें आहे. ब्रायन नेल्सन या संशोधकानें आपल्या पत्नीसह १९६० नंतरच्या दशकांत तीन वर्षें या ओसाड खडकावर एका झोंपडीवजा खोलींत मुक्काम करून या पक्ष्यांची दिनचर्या टिपली. प्रौढ गॅनेट दुधासारखा पांढरा, डोक्यावर केशरी-पिंवळी छटा असलेला आणि पंखांच्या टोंकांशीं काळा असतो. पंख पसरले कीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें पावणेदोन मीटर भरतात. नर-मादी मिळून एकच अंडें उबवतात. आणि तेंहि पोटाखालीं न धरतां पावलांच्या रुंद पडद्यांखालीं धरून.

या शुभ्र दांपत्याचें पोर मात्र उडण्याच्या वयांत काळसर असतें, आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके असतात. काळें कां असावें? गॅनेटचीं घरटीं चोंचीला चोंच लागेल इतकीं दाट असतात आणि नर आपल्या जागेविषयीं अतिशय तामसी असतो. समोर पांढरी आकृति दिसली कीं त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. पोराचा काळा रंग म्हणजे ‘हा शत्रु नव्हे’ अशी त्याला दिलेली ग्वाहीच असावी, असा अर्थ नेल्सन यांनीं लावला. सुमारें तेरा आठवडे पोराचें भरण-पोषण होतें. मग एके दिवशीं तें कड्याच्या कडेवर येतें आणि समुद्राकडे झेप घेतें. अंगांत चरबी इतकी सांठलेली असते कीं पाण्यावर उतरल्यावर पुन्हां उडण्यासहि तें पहिल्यानें असमर्थ असतें. आई-बाप बरोबर जात नाहींत. त्या चरबीच्या शिदोरीवर थोडे दिवस काढावयाचे, आणि ती संपण्यापूर्वीं उंचावरून सूर मारून मासा पकडण्याची विद्या स्वतःच साध्य करावयाची. ज्यांना ती साधत नाहीं तीं पोरें मरतात. पहिल्या चार-पांच वर्षांतून निम्म्याहून कमी पार पडतात.

जीं वांचतात तीं दक्षिणेकडे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं कांहीं पक्षी जन्मखडकाकडे परत येऊं लागतात. अंगावर पांढऱ्यांत काळीं पिसें मिसळलेलीं; पाहणाऱ्यास ठिगळें लावलेला सदरा आठवावा. त्यांना घरट्यांच्या वस्तींत थारा मिळत नाहीं. ते कडेला घोळके करून बसतात, उतरण्याचा सराव करतात, भांडणें पाहतात आणि जागा हेरतात. पांचव्या वर्षाच्या सुमारास वेष पुरता पांढरा होतो आणि त्याच सुमारास पहिलें अंडें पडतें. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण या मंडळींना लागू करण्याची सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं.

यावरून असें अनुमान निघेल कीं वेष पूर्ण होण्यास वेळ लागतो, म्हणून संसारास उशीर होतो. परंतु तें चुकीचें ठरेल, कारण फुल्मर पक्ष्यांत वेषाचा पालट नाहींच. फुल्मरचें पोर घरटें सोडतें तेव्हांच तें दिसण्यांत आई-बापांसारखें असतें. तरीहि त्याचें ब्रह्मचर्य गॅनेटपेक्षां कितीतरी दीर्घ आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहांत आइनहॅलो नांवाचें निर्मनुष्य बेट आहे. तेथें ॲबरडीन विद्यापीठाच्या जॉर्ज डनेट यांनीं १९५० सालीं फुल्मरांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं घालून अभ्यास आरंभला, आणि तो पिढ्यांमागून पिढ्या चालू राहिला. त्यांतून असें दिसलें कीं हे पक्षी पहिलें अंडें घालतात तें सरासरीनें वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास. डनेट यांचीं दोन छायाचित्रें विख्यात आहेत. १९५१ च्या चित्रांत तरुण डनेट हातांत एक फुल्मर धरून उभे आहेत. १९८६ च्या चित्रांत तेच गृहस्थ आणि तोच पक्षी. माणसाच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांचा इतिहास स्पष्ट उमटला आहे; पक्षी मात्र होता तसाच.

मग हा उशीर कशासाठीं? डेव्हिड लॅक, फिलिप ॲशमोल प्रभृति पक्षिशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा खल केला आहे. उत्तराचा मुख्य धागा असा कीं समुद्रावर पोट भरणें ही दीर्घकाळ शिकण्याची विद्या आहे. शेतांत दाणा पडलेला असतो. समुद्रांत मासा पळत असतो, खोल असतो, आणि आज जेथें आहे तेथें उद्यां नसतो. पेलिकन व सुरय या पक्ष्यांचें निरीक्षण करणाऱ्यांना असें आढळलें कीं एकाच पाण्यावर, एकाच वेळीं सूर मारणाऱ्या पक्ष्यांत प्रौढांचे सूर अधिक वेळां सफल होतात, तरुणांचे कमी. स्वतःपुरता घांस मिळविणें तरुणास जमतें. परंतु घरट्यांत एक भुकेलें तोंड असतांना शेंकडों मैल जाऊन स्वतःचें पोट भरावयाचें, शिवाय पिलाचा वांटा घेऊन ठरल्या वेळीं परतावयाचें, ही गोष्ट अनुभवावांचून होत नाहीं. अपुऱ्या तयारीनें संसार मांडला तर पिलूं मरतें आणि पालकहि खंगतो. ज्याच्यापुढें तीस-चाळीस वर्षांचें आयुष्य पडलें आहे, त्यानें पहिल्या घाईंत तें पणाला कां लावावें? अल्पायुषी चिमणीला थांबणें परवडत नाहीं. दीर्घायुषी समुद्रपक्ष्याला घाई परवडत नाहीं.

या नियमाचें पराकाष्ठेचें उदाहरण म्हणजे दक्षिण महासागरावरचा भटका अल्बाट्रॉस. याच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरांपर्यंत भरतो. सध्यां हयात असलेल्या कोणत्याहि पक्ष्याचा याहून मोठा नाहीं. साउथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंड नांवाच्या लहानशा बेटावर याचा अभ्यास १९५८ पासून होत आला आहे. अंडें एकच, तें उबण्यास सुमारें अकरा आठवडे लागतात, आणि त्यानंतर पिलूं सबंध हिवाळा घरट्यांत बसून नऊ महिन्यांनीं उडतें. एक पिलूं वाढवावयास वर्षाहून अधिक काळ लागत असल्यामुळें सफल जोडपें वर्षाआड एकच अंडें घालतें. उडालेलें पोर गर्द तपकिरी असतें, फक्त तोंड पांढरें. पुढें कित्येक वर्षें तें जमिनीवर पायच ठेवीत नाहीं. परत येतें तें पांच-सहा वर्षांचें होऊन. मग सोबती शोधण्याचा काळ सुरू होतो. पंख पसरून, माना उंचावून, चोंची वाजवून हे तरुण एकमेकांसमोर नाचतात. हा नाच एका हंगामांत संपत नाहीं. निवड पक्की होण्यास वर्षें लागतात. पहिलें अंडें सरासरीनें दहाव्या-अकराव्या वर्षीं. तपकिरी रंग तर त्यानंतरहि हळूहळू उतरतच असतो, आणि वार्धक्याकडे झुकलेले नर बर्फासारखे पांढरे होतात.

हें उशिराचें ज्ञान शास्त्रज्ञांना किती उपयोगी पडतें याचें एक सुंदर उदाहरण आहे. प्रशांत महासागरांतील मिडवे बेटावर १९५६ सालीं चँडलर रॉबिन्स यांनीं लेसान जातीच्या एका अल्बाट्रॉस मादीच्या पायांत कडें घातलें. २००२ सालीं योगायोगानें तीच मादी पुन्हां त्यांच्याच हातीं लागली. पुढें तिचें नांव ‘विज्डम’ म्हणजे ‘प्रज्ञा’ असें पडलें. तिचें वय कसें काढलें? प्रथम पकडली तेव्हां ती अंड्यावर बसलेली होती. आणि ही जाति पांच वर्षांच्या आधीं अंडें घालीत नाहीं. म्हणजे तिचा जन्म अगदीं अलीकडे ओढला तरी १९५१ चा. या हिशेबानें २०२४ च्या अखेरीस तिनें नव्या सोबत्याबरोबर अंडें घातलें तेव्हां ती निदान त्र्याहत्तर वर्षांची होती. २०२५ च्या जानेवारींत त्यांतून पिलूं बाहेर आलें.

आतां संकटाकडे वळावयाचें. वर सांगितलेली सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे: प्रौढ पक्षी सहसा मरतां कामा नये. गॅनेटसारख्या पक्ष्यांत चांगल्या काळीं शंभर प्रौढांपैकीं नव्वदांहून अधिक पुढलें वर्ष पाहतात. प्रौढ पक्षी हें मुद्दल आणि वर्षाआड येणारें एखादें पिलूं हें त्यावरचें अत्यल्प व्याज. व्याज एखाद्या वर्षीं बुडालें तर बिघडत नाहीं; मुद्दलाला हात लागला कीं घर बसतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नेमकें तेंच घडलें. ट्यूना व तत्सम मोठे मासे धरण्यासाठीं जहाजें कित्येक किलोमीटर लांबीचे दोर समुद्रांत सोडूं लागलीं. त्यांना हजारों गळ, आणि गळाला माकूल किंवा मासा यांचें आमिष. दोर बुडण्यापूर्वीं अल्बाट्रॉस त्या आमिषावर झडप घालतो, गळांत अडकतो आणि दोराबरोबर खालीं ओढला जाऊन बुडतो. बर्ड आयलंडवरील भटक्या अल्बाट्रॉसांचीं जोडपीं १९६० नंतरच्या दशकांत होतीं, त्यांच्या निम्म्याहूनहि कमी उरलीं.

समजा, भटक्या अल्बाट्रॉसची एक प्रौढ मादी गळाला लागली. तिच्या जागीं दुसरी उभी राहावयास दहा वर्षें हवींत. ती वांचली असती आणि तिचें एकहि पिलूं दगावलें नसतें, तरी दहाव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत तिनें पांचच पिलें वाढवलीं असतीं. आणखी एक गोष्ट अशी कीं ही हानि प्रथम डोळ्यांना दिसत नाहीं. वस्तीच्या कडेला जागेची वाट पाहणारे तरुण असतात. ते मेलेल्यांच्या जागा भरून काढतात, आणि घरट्यांची संख्या कांहीं वर्षें बरी भासते. जेव्हां घरटीं रिकामीं दिसूं लागतात, तेव्हां दूर समुद्रावरची राखीव पिढीहि संपत आलेली असते.

सुदैवानें उपाय सांपडले आहेत, आणि ते साधे आहेत. दोर रात्रीं सोडावे, म्हणजे बहुतेक पक्षी आमिष पाहूं शकत नाहींत. दोरास वजनें बांधावीं, म्हणजे तो चटकन् बुडतो. जहाजामागें फडफडणाऱ्या फितींची दोरी ओढावी, म्हणजे पक्षी बिचकतात. साउथ जॉर्जियाच्या हद्दींत असे नियम लावून आणि विणीच्या उन्हाळ्यांत मासेमारी बंद ठेवून हजारोंच्या घरांतले मृत्यु जवळजवळ शून्यावर आले. अल्बाट्रॉस व त्यांच्या आप्तजातींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करारहि २००४ पासून अमलांत आहे. अडचण एवढीच कीं हा पक्षी हद्द ओळखीत नाहीं. जेथें नियम पाळले जात नाहींत, तेथेंहि तो जातो.

गळांचें संकट माणसानें आणलें, माणसास तें टाळतां येईल. परंतु २०२२ च्या उन्हाळ्यांत बास खडकावर दुसरेंच संकट कोसळलें. पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची सांथ वस्तींत शिरली आणि प्रौढ गॅनेट घरट्यांवरच मरून पडले. जे वांचले, त्यांपैकीं कित्येकांच्या निळसर डोळ्यांचा रंग काळा होऊन गेला. २०१४ च्या गणतींत त्या खडकावर घरट्यांच्या सुमारें ७५ हजार जागा मोजल्या होत्या. २०२३ सालीं त्या सुमारें ५२ हजार भरल्या. या पक्ष्यांना दुसरें अंडें घालून, किंवा लवकर संसार मांडून, ही तूट भरून काढतां येत नाहीं. तसा मार्ग त्यांच्या प्रकृतींतच नाहीं. २०२३ च्या शरद ऋतूंत बासवरून झेप घेणारें काळें पोर २०२८ च्या सुमारासच पांढरें होऊन पहिलें अंडें उबवावयास बसतें, आणि तेंहि वाटेंत वांचलें तर. तोंपर्यंत खडकाची वस्ती टिकवून धरण्याचें काम जुन्या, अनुभवी पक्ष्यांचें आहे. आणि त्यांना जगूं देणें हें माणसाचें.